पानापासून सिक्वेन्सपर्यंत: डीएनए काढणे, पीसीआर आणि जेल यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वनस्पतीच्या पानातून डीएनए काढायचा, त्यातला एखादा जनुकाचा तुकडा पीसीआरने (ठरलेल्या तुकड्याच्या असंख्य प्रती करणाऱ्या अभिक्रियेने) वाढवायचा, जेलवर (विजेने तुकडे आकाराप्रमाणे वेगळे करणाऱ्या थरात) पाहायचा आणि सिक्वेन्सिंगला (बेसचा क्रम वाचायला) पाठवायचा, हा एमएस्सीच्या बहुतेक प्रकल्पांचा कणा असतो. खालची उत्तरे त्याच क्रमाने आहेत. उदाहरण म्हणून ‘आरबीसीएल’ हे हरितलवकातले जनुक धरले आहे. त्याचा सुमारे ६०० बेसजोड्यांचा तुकडा वनस्पतींच्या बारकोडिंगसाठी, म्हणजे डीएनएवरून जात ओळखण्यासाठी, सर्रास वापरतात आणि तो बहुतेक झाडांत सहज वाढतो.

पान कोणते घ्यावे आणि किती?

कोवळे, पण हाताळता येईल एवढे उघडलेले. कोवळ्या पानात पेशी लहान आणि दाट असतात, त्यामुळे तेवढ्याच वजनात डीएनए जास्त मिळतो. जून पानात पॉलिसॅकराइड आणि इतर त्रासदायक संयुगे साठलेली असतात. ताजे पान १०० मिलिग्रॅम पुरते, वाळवलेले असेल तर २० मिलिग्रॅम. ‘जास्त पान, जास्त डीएनए’ हा हिशेब इथे चालत नाही. पान वाढवले आणि बफर (पेशी फोडायचे द्रावण) तेवढाच ठेवला की पेशी नीट फुटत नाहीत आणि सगळी घाण डीएनएबरोबर खाली येते.

नमुना कोकणातून किंवा घाटातून आणायचा असेल तर पाने सिलिका जेलमध्ये ठेवा. पानाच्या वजनाच्या निदान दहापट सिलिका घ्या आणि पान २४ तासांत कडकडीत वाळले पाहिजे. पावसाळ्यात पान आधी टिपकागदाने कोरडे करा आणि ७० टक्के इथेनॉलने पुसा. पानावरच्या बुरशीचाही डीएनए निघतो, आणि पुढे आयटीएस या, झाडांत आणि बुरशीतही असलेल्या, डीएनए-भागाचे प्रायमर (पीसीआर कुठून सुरू व्हायची ते ठरवणारे छोटे डीएनए तुकडे) वापरले तर झाडाऐवजी बुरशीचा सिक्वेन्स हाती येतो.

सीटॅब बफरमध्ये काय काय असते आणि कशासाठी?

१०० मिलिलिटर बफरसाठी सीटॅब (साबणासारखा पदार्थ) २ ग्रॅम, मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड ८.१८ ग्रॅम, १ मोलर ट्रिस-एचसीएल (पीएच ८.०) १० मिलिलिटर, ०.५ मोलर ईडीटीए (पीएच ८.०) ४ मिलिलिटर आणि पीव्हीपी-४० १ ते २ ग्रॅम. बाकी पाणी. बीटा-मरकॅप्टोइथेनॉल मात्र वापरण्याच्या अगदी आधी, फ्यूम हूडमध्येच घालायचे. साध्या पानाला दर मिलिलिटरमागे २ मायक्रोलिटर पुरते. आंबा, काजू, द्राक्ष अशा पानांना १० ते २० मायक्रोलिटर लागते.

सीटॅब पेशीचे पडदे फोडते. ईडीटीए मॅग्नेशियम धरून ठेवते, त्यामुळे डीएनए कापणारी विकरे थंडावतात. पीव्हीपी पॉलिफिनॉल पकडते आणि मरकॅप्टोइथेनॉल त्यांचे ऑक्सिडीकरण रोखते. सर्वांत महत्त्वाचे काम मिठाचे आहे. मिठाचे प्रमाण १.४ मोलर असते तेव्हा सीटॅब डीएनएला चिकटून खाली बसत नाही, डीएनए द्रावणातच राहतो. प्रमाण ०.७ मोलरच्या खाली गेले की सीटॅब आणि डीएनए एकत्र साक्यात जातात आणि वरच्या द्रवात काहीच उरत नाही. म्हणून मीठ वजन करूनच घाला, अंदाजाने नको.

हिवाळ्यात बाटलीत पांढरे स्फटिक दिसले तर बफर खराब झालेला नसतो. सीटॅब साधारण १५ अंश सेल्सिअसच्या खाली बाहेर पडते. ६० अंशांवर गरम करून हलवा, पुन्हा विरघळेल. याच कारणाने क्लोरोफॉर्मनंतरचा स्पिन (सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवणे) ४ अंशांवर न देता खोलीच्या तापमानाला द्या.

प्रत्यक्ष पायऱ्या कोणत्या?

ही पद्धत डॉइल दांपत्याने १९८७ मध्ये मांडली आणि अजूनही तीच थोड्याफार फरकाने सगळीकडे चालते.

१. खल आधी द्रवरूप नायट्रोजनने थंड करा. पान पिठासारखे बारीक वाटा. पूड ओलसर होऊ लागली तर लगेच आणखी नायट्रोजन ओता. पूड वितळली की पेशीतली विकरे कामाला लागतात आणि बफर पडेपर्यंत डीएनएचे तुकडे झालेले असतात.

२. ६५ अंशांवर गरम केलेला ८०० मायक्रोलिटर बफर घाला. ६५ अंशांवर ३० ते ६० मिनिटे ठेवा आणि दर दहा मिनिटांनी नळी हलकेच उलटीसुलटी करा.

३. नळी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. तेवढ्याच मापाचे क्लोरोफॉर्म-आयसोअमिल अल्कोहोल (२४:१) घाला आणि पाच-दहा मिनिटे हळूहळू उलटीसुलटी करा. व्होर्टेक्स (नळी जोरात घुसळणारे यंत्र) वापरू नका, लांब डीएनए तुटतो.

४. १२,००० जी वर १० मिनिटे स्पिन. वरचा थर नव्या नळीत घ्या. मधला पांढरा पापुद्रा टिपमध्ये येऊ नये म्हणून शेवटचे ५० ते १०० मायक्रोलिटर सोडून द्या. इथला लोभ पुढे महागात पडतो.

५. आरएनेझ ए (आरएनए तोडणारे विकर) अंतिम प्रमाणात दर मिलिलिटरला १० ते २० मायक्रोग्रॅम घालून ३७ अंशांवर अर्धा तास ठेवा. नंतर क्लोरोफॉर्म पुन्हा एकदा.

६. ०.६ ते ०.७ पट आयसोप्रोपॅनॉल घालून हलकेच मिसळा. धागे दिसले तर उत्तमच. दिसले नाहीत तरी १० मिनिटे ठेवून १० मिनिटांचा स्पिन द्या.

७. ७० टक्के इथेनॉलने दोनदा धुवा. पेलेट (तळाशी बसलेला डीएनएचा गोळा) वाळवा, पण तडकेपर्यंत नको. ५० मायक्रोलिटर टीई बफरमध्ये (ट्रिस आणि ईडीटीए यांचा बफर) विरघळवा. अति वाळलेले पेलेट तासन् तास विरघळत नाही.

पेलेट चिकट, जेलीसारखे आले. तपकिरी आले. आता?

दोन्हींची कारणे वेगळी आहेत. चिकट, पारदर्शक आणि टिपला ओढ देणारे पेलेट म्हणजे पॉलिसॅकराइड. ते टीईमध्ये पुन्हा विरघळवा, मिठाचे प्रमाण २ मोलरपर्यंत वाढवा आणि थंड इथेनॉलने डीएनए पुन्हा खाली बसवा. इतक्या मिठात पॉलिसॅकराइड बरेचसे द्रवात राहतात. नंतर ७० टक्के इथेनॉलने नीट धुवा, नाहीतर मीठच पीसीआरला आड येते.

तपकिरी रंग म्हणजे ऑक्सिडीकरण झालेले पॉलिफिनॉल. ते डीएनएला घट्ट चिकटतात आणि एकदा चिकटले की धुऊन जात नाहीत. त्यामुळे पेलेट सुधारण्यात दोन दिवस घालवण्यापेक्षा नव्या पानापासून सुरुवात करा. पीव्हीपी २ टक्के, मरकॅप्टोइथेनॉल २ टक्के आणि पूड ते बफर यांत सेकंदाचाही उशीर नको.

नॅनोड्रॉपने दर मायक्रोलिटरला ८०० नॅनोग्रॅम दाखवले, पण जेलवर फिकट बँड (डीएनएचा पट्टा). असे का?

नॅनोड्रॉप २६० नॅनोमीटरवरचे शोषण मोजतो. तिथे आरएनए शोषतो, सुटे न्यूक्लिओटाइड शोषतात, फिनॉलही शोषतो. आरएनेझची पायरी राहून गेली असेल तर त्या आकड्यातला मोठा भाग आरएनएचा असतो. जेलवर तो तळाशी धूसर ढगासारखा दिसेल. खरा आकडा हवा असेल तर क्यूबिटसारखे फ्लुओरेसन्सवर चालणारे यंत्र वापरा, किंवा माहीत असलेल्या प्रमाणाचा लॅम्डा डीएनए शेजारच्या लेनमध्ये लावून तुलना करा.

दोन तरंगलांबींवरच्या शोषणांच्या गुणोत्तरांबद्दल: २६०/२८० सुमारे १.८ असावे. बरेच कमी असेल तर प्रथिने किंवा फिनॉल, २.० च्या जवळ असेल तर आरएनए. २६०/२३० हे २.० ते २.२ असावे. पानांच्या डीएनएत हेच जास्त बोलके असते. ते १ च्या आसपास आले की पॉलिसॅकराइड किंवा क्षार राहिले आहेत असे समजा. मात्र वाईट गुणोत्तर पाहून नमुना फेकू नका. पुष्कळदा १:१० पातळ केला की पीसीआर व्यवस्थित होते.

२५ मायक्रोलिटरच्या पीसीआरमध्ये काय किती घालावे?

१०एक्स (दहापट तीव्र) बफर २.५, २५ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड १.५, प्रत्येकी १० मिलिमोलर असलेले डीएनटीपी (डीएनएचे सुटे घटक) मिश्रण ०.५, १० मायक्रोमोलरचा प्रत्येक प्रायमर ०.५, डीएनएच्या प्रती करणारे विकर टॅक पॉलिमरेज (दर मायक्रोलिटरला ५ युनिट) ०.२, टेम्प्लेट (नमुन्याचा डीएनए) १ आणि पाणी १८.३ मायक्रोलिटर. यातून मॅग्नेशियम १.५ मिलिमोलर आणि प्रत्येक डीएनटीपी २०० मायक्रोमोलर होते. बफरमध्ये मॅग्नेशियम आधीच असेल तर वेगळे घालू नका. बाटलीचे लेबल वाचा.

दहा नळ्या असतील तर मास्टर मिक्स (टेम्प्लेट सोडून बाकी सगळ्याचे एकत्र मिश्रण) अकरांचा करा. ०.२ मायक्रोलिटर प्रत्येक नळीत वेगळे घालणे म्हणजे अर्ध्या नळ्यांत टॅक न पडणे.

सुका प्रायमर आला की नळी उघडण्याआधी थोडा स्पिन द्या. नॅनोमोलच्या आकड्याला दहाने गुणा, तेवढे मायक्रोलिटर टीई घाला, १०० मायक्रोमोलरचा साठा तयार. म्हणजे २५.४ नॅनोमोलला २५४ मायक्रोलिटर. त्यातून १० मायक्रोमोलरच्या छोट्या नळ्या भरा आणि रोज त्याच वापरा.

प्रोग्रॅम: ९५ अंश ३ मिनिटे. मग ३५ वेळा ९५ अंश ३० सेकंद, ५५ अंश ३० सेकंद, ७२ अंश ४५ सेकंद. शेवटी ७२ अंश ५ मिनिटे. टॅकला दर हजार बेसला सुमारे एक मिनिट द्यायचे असते. टॅक हे विकर ‘थर्मस ॲक्वाटिकस’ या गरम झऱ्यांतल्या जिवाणूचे आहे, म्हणून ते ९५ अंशांत टिकते. पण कायम नाही, त्यामुळे ९५ अंशांची वेळ उगीच वाढवू नका.

बँडच आला नाही. कुठून शोधायला लागू?

इथे बहुतेक जण ॲनीलिंगचे, म्हणजे प्रायमर चिकटण्याचे, तापमान (वर ५५ अंश) बदलत बसतात आणि आठवडा जातो. पानाच्या डीएनएत दोष बहुधा टेम्प्लेटमध्ये असतो, प्रोग्रॅममध्ये नाही. म्हणून तापमानाला हात लावण्याआधी चार नळ्या लावा.

पहिलीत आधी चाललेला खात्रीचा डीएनए. दुसरीत टेम्प्लेटऐवजी पाणी. तिसरीत तुमचा नमुना. चौथीत खात्रीचा डीएनए १ मायक्रोलिटर आणि तुमचा नमुना १ मायक्रोलिटर, दोन्ही एकत्र.

पहिल्या नळीत बँड नसेल तर रसायने, प्रायमर किंवा यंत्र दोषी आहे, नमुन्याचा काही संबंध नाही. पहिलीत आहे पण चौथीत नाही, याचा अर्थ तुमच्या नमुन्यातले काहीतरी टॅकला अडवते आहे. पहिलीत आणि चौथीत आहे पण तिसरीत नाही, तर अडथळा नाही, डीएनएच पुरेसा नाही, तुटलेला आहे किंवा प्रायमर त्या जातीला बसत नाही. एवढे कळले की उपाय आपोआप ठरतो.

अडथळा असेल तर नमुना १:१०, १:५० आणि १:१०० पातळ करून तिन्ही लावा. डीएनए कमी झाला तरी अडवणारे संयुगही कमी होते, आणि ३५ चक्रांना एखादा नॅनोग्रॅम डीएनए पुरतो. तरीही नाही जमले तर बीएसए हे प्रथिन घाला, अंतिम प्रमाण दर मायक्रोलिटरला ०.१ ते ०.४ मायक्रोग्रॅम. बीएसए पॉलिफिनॉल स्वतःला चिकटवून घेते आणि टॅक मोकळे राहते. हा उपाय स्वस्त आहे आणि आंब्या-काजूच्या पानांना तर आधीपासूनच करावा.

डीएनए तुटलेला असेल तर लहान तुकड्याचे प्रायमर घ्या. जुन्या हर्बेरियमच्या (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातल्या) पानातून १५०० बेसचा तुकडा मागण्यात अर्थ नाही, २०० बेसचा मिळू शकतो.

हे सगळे होऊनही बँड नसेल तेव्हाच ग्रेडियंट (एकाच वेळी वेगवेगळी ॲनीलिंग तापमाने) लावा, ५० ते ६० अंश. प्रायमरचे टीएम (तो सुटण्याचे तापमान) ढोबळपणे काढायचे तर प्रत्येक ए आणि टीला २ अंश, प्रत्येक जी आणि सीला ४ अंश धरून बेरीज करा आणि त्यातून ५ वजा करून सुरुवात करा. हा हिशेब २० बेसच्या पुढे चुकत जातो. जी-सी खूप असलेल्या तुकड्याला ३ ते ५ टक्के डीएमएसओ मदत करते, पण त्याने टीएमही उतरते. ५ टक्क्यांना ॲनीलिंग दोन-तीन अंशांनी खाली घ्या.

पाण्याच्या नळीतही बँड आला.

मग त्या दिवसाचे सगळे निकाल बाद, नमुन्यांचे बँड कितीही सुंदर असोत. पाणी, बफर, डीएनटीपी आणि प्रायमर यांच्या छोट्या नळ्या एकदम बदला. एकेक तपासत बसू नका. तरी आला तर पिपेट आणि जागा पाहा. १० टक्के ताजे ब्लीच द्रावण टेबलाला लावून दहा मिनिटांनी पाण्याने पुसा. पिपेटला फिल्टर टिप लावा. वाढवलेला डीएनए ज्या खोलीत उघडता त्या खोलीत मास्टर मिक्स करू नका, निदान टेबल तरी वेगळे असू द्या. पीसीआरच्या एका नळीत अब्जावधी प्रती असतात आणि झाकण उघडताना उडालेला बारीक तुषारही पुरतो.

जिवाणूंच्या १६एस जनुकाच्या प्रायमरचे प्रकरण वेगळे. टॅक बहुधा ई. कोलायमध्ये बनवलेले असते आणि त्यात त्याच जिवाणूचा किंचित डीएनए राहू शकतो. ३५ च्या पुढे चक्रे नेली की पाण्याच्या नळीत १५०० बेसचा फिकट बँड दिसतो. चक्रे ३० वर आणा.

१०० बेसच्या खालचा धूसर पट्टा मात्र प्रायमर-डायमर (प्रायमर एकमेकांनाच चिकटून झालेला तुकडा) असतो, तो संसर्ग नव्हे.

एकाऐवजी तीन-चार बँड आले, किंवा नुसता स्मिअर (लांब धूसर पट्टा).

ॲनीलिंग दोन-दोन अंशांनी वाढवा, टेम्प्लेट कमी करा, चक्रे ३० करा, मॅग्नेशियम १.५ च्या वर असेल तर खाली आणा. हॉट-स्टार्ट (गरम झाल्यावरच कामाला लागणारे) टॅक वापरले तर नळ्या लावतानाच चुकीच्या जागी होणारी सुरुवात टळते. टेम्प्लेट फार झाले तरी स्मिअर येतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

जेल किती टक्क्यांची आणि किती व्होल्टवर?

अखंड जीनोमिक डीएनए पाहायला ०.८ टक्के, ६०० बेसच्या बँडला १.५ टक्के, २०० च्या खालच्या तुकड्यांना २ ते २.५ टक्के. १.५ टक्क्यांच्या ४० मिलिलिटर जेलला ०.६ ग्रॅम अगारोज. मायक्रोवेव्हमध्ये पूर्ण पारदर्शक होईपर्यंत उकळा आणि ६० अंशांच्या आसपास आल्यावर ओता. जेल ज्या बफरमध्ये बनवली त्याच बफरमध्ये चालवा. चुकून जेल नुसत्या पाण्यात विरघळवली तर बँड नीट पळत नाहीत.

जेलच्या टीएई बफरच्या ५०एक्स (पन्नासपट तीव्र) साठ्याच्या एका लिटरला ट्रिस बेस २४२ ग्रॅम, ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड ५७.१ मिलिलिटर आणि ०.५ मोलर ईडीटीए (पीएच ८.०) १०० मिलिलिटर.

व्होल्टेज दोन इलेक्ट्रोडमधल्या अंतरावर ठरवा, जेलच्या लांबीवर नाही. दर सेंटिमीटरला ५ व्होल्ट. अंतर १५ सेंटिमीटर असेल तर ७५ व्होल्ट. डीएनए ऋण भारित असल्यामुळे लाल तारेकडे पळतो, तेव्हा वेल (नमुना भरायचे खड्डे) काळ्या तारेच्या बाजूला हवेत.

जेलवर दिसणाऱ्या विचित्र गोष्टींचा अर्थ काय?

नमुना वेलमधून तरंगून वर आला तर त्यात इथेनॉल राहिले आहे, ५० अंशांवर झाकण उघडे ठेवून पाच मिनिटे उडू द्या. डीएनए वेलमध्येच अडकून चमकतो आहे, तर पॉलिसॅकराइड किंवा प्रथिने राहिली आहेत, किंवा फार डीएनए भरला आहे. बँड कडेने वाकले तर व्होल्टेज जास्त होऊन जेल मधोमध तापली. लॅडरही (शेजारी लावलेले माहीत आकाराचे तुकडे) दिसत नसेल तर रंगद्रव्य विसरले आहे, नमुन्याला दोष देऊ नका. १ टक्का जेलवर ब्रोमोफिनॉल ब्लू सुमारे ३०० बेसच्या तुकड्याबरोबर पळतो. तो पार बाहेर गेला असेल तर लहान तुकडेही गेले.

प्लास्मिड (जिवाणूतला छोटा गोल डीएनए) न कापता लावला तर एकाच शुद्ध नमुन्याचे दोन-तीन बँड दिसतात. पीळ पडलेले रूप सर्वांत पुढे, चीर गेलेले गोल रूप मागे आणि सरळ झालेले त्यांच्या मध्ये. यावरून आकार मोजू नका, आधी एका ठिकाणी कापा.

इथिडियम ब्रोमाइड दर मिलिलिटरला ०.५ मायक्रोग्रॅम पुरते. ते डीएनएच्या पायऱ्यांमध्ये घुसते आणि उत्परिवर्तन घडवू शकते, म्हणून नायट्राइलचे हातमोजे घाला, त्याच हातमोज्यांनी दाराची मूठ धरू नका आणि जेल वेगळ्या डब्यात टाका, बेसिनमध्ये नाही. बँड कापून घ्यायचा असेल तर चेहऱ्यावर ढाल लावा आणि ३६५ नॅनोमीटरचा प्रकाश वापरा. ३०२ वर मिनिटभर ठेवलेला डीएनए पुढे क्लोनिंगला (तुकडा प्लास्मिडमध्ये जोडून जिवाणूत वाढवायला) नीट चालत नाही.

सिक्वेन्सिंगचा निकाल वाचता येत नाही.

पाठवण्याआधी उत्पादन शुद्ध केले होते का? उरलेले दोन्ही प्रायमर नमुन्यात राहिले तर दोन्ही बाजूंनी वाचन सुरू होते आणि शिखरांवर शिखरे येतात. सँगर या सिक्वेन्सिंग पद्धतीत एका नळीत एकच प्रायमर हवा. सुरुवातीचे ३० ते ४० बेस धूसर असणे स्वाभाविक आहे, आणि ७०० ते ८०० च्या पुढे भरवसा कमी होतो. सुरुवातीपासून दुहेरी शिखरे आणि शुद्धीकरण नीट झालेले, तर टेम्प्लेटच मिश्र आहे. मध्येच एकाएकी दुहेरी सुरू झाली, तर दोन प्रतींमध्ये एखाद्या बेसची भर किंवा गळती आहे, आयटीएसमध्ये हे बऱ्याचदा दिसते. अशा वेळी उलट दिशेने वाचून घ्या, किंवा क्लोन करून वेगवेगळ्या वसाहती तपासा.

क्लोनिंगच्या प्लेटवर मोठ्या वसाहतीभोवती बारीक बारीक वसाहती आल्या. त्या उचलू का?

नाही. त्यांच्यात प्लास्मिड नसतो. मोठी वसाहत बाहेर सोडत असलेले बीटा-लॅक्टमेज आसपासचे ॲम्पिसिलिन संपवते आणि तेवढ्या जागेत साधे जिवाणू वाढतात. प्लेट १६ ते १८ तासांनी बाहेर काढा, आगर ५० ते ५५ अंशांवर आल्यावरच ॲम्पिसिलिन घाला, किंवा अधिक टिकाऊ कार्बेनिसिलिन वापरा.

वसाहतीच आल्या नाहीत तर आधी पेशी तपासा: १० पिकोग्रॅम पीयूसी१९ प्लास्मिड घालून ट्रान्सफॉर्म करा (तो पेशींत शिरवा) आणि एक मिलिलिटरपैकी १०० मायक्रोलिटर पसरा. १०० वसाहती आल्या तर क्षमता दर मायक्रोग्रॅमला १० कोटी, म्हणजे पेशी उत्तम. मग संशय लायगेज (तुकडा प्लास्मिडला जोडणारे विकर) बफरवर घ्या, त्यातला एटीपी वारंवार गोठवल्या-वितळवल्याने संपतो.

डीएनए आणि विकरे कशी साठवावीत? वीज गेली तर?

डीएनए टीईमध्ये, उणे २० अंशांवर. नुसत्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो, पाणी आम्लधर्मी होते आणि डीएनए हळूहळू झिजतो. पीसीआरसाठी ईडीटीए ०.१ मिलिमोलरचे टीई चांगले, मॅग्नेशियम कमी धरले जाते.

विकरे ५० टक्के ग्लिसरॉलमध्ये असल्यामुळे उणे २० ला गोठत नाहीत. बर्फ आपोआप वितळवणाऱ्या घरगुती फ्रीझरमध्ये ती ठेवू नका. तो फ्रीझर ठरावीक वेळाने आतून तापतो आणि विकरे त्यातच मरतात. भारनियमनाच्या भागात विकरांच्या नळ्या गोठवलेल्या जेल-पॅकच्या कूलरमध्ये घालून तो कूलर फ्रीझरमध्ये ठेवा आणि वीज येईपर्यंत दार उघडू नका. डीएनटीपी आणि लायगेज बफर एकेका दिवसाच्या छोट्या नळ्यांत वाटून ठेवा. नळी वितळलेली सापडली तर डीएनटीपी टाकून द्या. टॅक मात्र खात्रीच्या डीएनएवर एकदा चालवून पाहा, पुष्कळदा ते शाबूत असते.